नऊ अक्षरांचा कॉलम

कॉम्प्युटर जे जे करतो, त्याची नोंद तो स्वतःच ठेवतो. त्याला आम्ही लॉग म्हणतो. ऑफिसातली माणसं जे जे बोलतात, त्याचा लॉग मात्र कोणी ठेवत नाही. ते काम न सांगता माझ्या गळ्यात पडलंय. दुपारी डबे उघडले की एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा, आणि सगळ्यांचे डबे धुवायचे राहतात ते माझ्यामुळे, असं आप्पांचं म्हणणं आहे. असेल! पण सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

बेळगावात टिळकवाडीला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली मालकीणबाई राहतात, त्यांना सगळे काकू म्हणतात. वर आम्ही चौघं. बोरगावचे आप्पा हे टीम लीड. बसवराज घरी कन्नड, ऑफिसात मराठी आणि चिडला की हिंदी बोलणारा. मी इथलीच, दोन गल्ल्या सोडून राहणारी. आणि सगळ्यात नवी सुजाता, निपाणीहून रोज बसनं येणारी. आमचे साहेब पुण्यात असतात आणि व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवून बोलतात. त्यामुळं ते रागावलेत की जेवतायत, हे कधी कळत नाही.

काम असं की, नव्या औषधाची चाचणी चालते तेव्हा पेशंटांची माहिती गोळा होते. नावं नसतात, नुसते नंबर. ती माहिती टेबलांमध्ये येते, टेबलाला कॉलम असतात आणि प्रत्येक कॉलमची रुंदी आधी ठरवून द्यावी लागते. रुंदी कमी पडली तर माहिती कापली जाते. जास्त ठेवली तर फाईल फुगते आणि तपासणारे ती परत पाठवतात. या रुंदीपायी आमचे निम्मे केस पिकले, उरलेले बसवराजच्या गाण्यामुळे.

* * *

एकदा काकू वर आल्या आणि माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. "दिवसभर त्या स्क्रीनकडं बघून तुम्ही करता तरी काय गं?"

मी वर सांगितलं तेच त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ब्लाउजाची मापं घेता म्हण की!"

"साधारण तसंच, काकू."

"मग आधी बाई बघायची, मग कापड कापायचं. यात एवढी डिग्री कशाला लागते?"

आप्पांनी मान खाली घातली ती काकू जिना उतरेपर्यंत वर केली नाही. कारण आप्पा बाई न बघताच कापड कापायचे!

* * *

आप्पांचा हिशेब सोपा. कॉलम कसलाही असो, रुंदी दोनशे! सुजाता नवी आली, पहिल्याच आठवड्यात तिनं एक टेबल उघडलं आणि खुर्ची सरकवत आप्पांपाशी गेली.

"आप्पा, या कॉलमात पेशंट बाई का पुरुष एवढंच लिहायचंय. एकच अक्षर. त्याला दोनशे कशाला?"

"असू दे गं. कमी पडण्यापेक्षा उरल्यालं बरं. उद्या पाहुणं आलं तर?"

"पाहुणं आलं तरी एका अक्षराचंच येणार की, आप्पा!"

बसवराज टेबलावर डोकं ठेवून हसला. आप्पा काही चिडले नाहीत. त्यांच्या घरची रीतच तशी. थोरलीच्या लग्नात त्यांनी सगळ्या बोरगावाला पुरून आजूबाजूच्या वाड्यांना वाटावी एवढी बुंदी पाडली होती. ती बुंदी पुढं आठवडाभर आम्ही ऑफिसात खाल्ली, त्यामुळं दोनशेबद्दल आप्पांना बोलायला आम्हा जुन्या लोकांना तोंडच नव्हतं.

पुण्याच्या साहेबांना बुंदी पोचली नव्हती. त्यांनी फाईल परत पाठवली. "यात माहिती कमी आणि हवा जास्त आहे," असं कळवलं आणि सुजाताला काम दिलं. मॅक्रो लिही. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेली रीत. नाव घेऊन हाक मारली की तेच काम कितीही टेबलांवर पुन्हा करते. या मॅक्रोनं प्रत्येक टेबलात शिरायचं, प्रत्येक कॉलमातली सगळ्यात लांब नोंद शोधायची, तिची लांबी सांगायची आणि कॉलम तेवढाच ठेवायचा.

"तुझा प्रोबेशनचा काळ संपेपर्यंत हे व्हायला हवं," साहेब म्हणाले. "जमलं तर ठेवू, नाही तर पाहू."

पुण्यात 'पाहू' म्हणजे काय, ते आम्हाला बेळगावात बसूनही कळतं.

* * *

सुजाताचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. आजी निपाणीच्या विडी कारखान्यात, वडील शाळामास्तर, आणि ही एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. आई गेल्यावर घरात ती आणि तिचे अण्णा, दोघंच. इथली नोकरी टिकली नाही तर बेंगळुरू गाठावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अण्णांनी तर आधीच जाहीर करून टाकलेलं, "माझी काळजी करू नगंस, मी करून खाईन!"

"म्हणूनच भीती वाटती, आक्का," ती मला म्हणाली. "त्यांना चहा बी येत न्हाय. दूध उतू घालवून गॅस पुसत बसतात आणि मला फोनवर सांगतात, सगळं बेस्ट चाललंय!"

आणि आमच्या ऑफिसात प्रोबेशनवर असणं लपत नाही. इथं एक रीत आहे. माणूस परमनंट झालं की काकूंच्या ओळखीच्या भांड्याच्या दुकानातून त्याच्यासाठी स्टीलचा पेला येतो, वर नाव घातलेला. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्या ठिपक्यांनी. आप्पांचा आहे, बसवराजचा आहे, माझ्या पेल्यावर तर माहेरचंही नाव आहे. तोवर नव्या माणसाला चहा मिळतो बिननावाच्या पेल्यात. काकू त्याला 'पाहुण्याचा पेला' म्हणतात. मनात काही वाईट नसतं हो त्यांच्या! पण सुजाता रोज तो पेला हातात घेतला की एकदा फिरवून बघायची. बाहेरून नुसता चकचकीत, कुठंच काही नाही.

* * *

मॅक्रोचा पहिला अवतार तयार झाला. कॉलवर साहेबांसमोर चालवला. पहिलं टेबल झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर गाडी अडली. लॉगमध्ये लाल अक्षरं!

"काय झालं?" साहेबांचा आवाज आला.

सुजातानं टेबल उघडून बघितलं, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर. मग हळूच म्हणाली, "सर, या कॉलमात मोजायलाच काही नाहीये. रिकामा आहे."

"कसला कॉलम आहे?"

"औषधाचा त्रास होऊन दवाखान्यात भरती करावं लागलं, तर त्याचं कारण लिहायचा."

लांबीच नाही म्हटल्यावर मॅक्रो गोंधळून उभाच राहिलेला. पण कॉलम रिकामा होता तो कुणालाच भरती करावं लागलं नाही म्हणून!

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेरा चालू केला. चष्मा लावलेला, साधा, दमलेला माणूस निघाला. हसत होता. "असला एरर रोज येऊ दे," म्हणाले. "पण दुरुस्त कर."

"एकाची जागा ठेव गं," आप्पा तिला म्हणाले. "रिकामं असलं तरी एक पान मांडून ठेवायचं असतं." आणि खरंच तेच उत्तर होतं. रिकाम्या कॉलमला रुंदी एक! आयुष्यभर दोनशे वाढणारा माणूस त्या दिवशी एकावर आला.

* * *

मग भाषेचा वाद झाला. झाला म्हणजे, बेळगावात राहून तो किती दिवस टळणार?

एका टेबलात शेरे मराठीत लिहिलेले, दुसऱ्यात कन्नडमध्ये. मॅक्रो चालवला तर दिसायला एवढंसं वाक्य आणि लांबी ही मोठी. सुजातानं सांगितलं, "इंग्रजी अक्षराला कॉम्प्युटर एक घर देतो. आपल्या अक्षरांना जास्त घरं लागतात."

झालं! बसवराज लगेच म्हणाला, "जास्त म्हणजे कन्नडला जास्त. आमची अक्षरं गोल असतात, भरदार."

"भरदार?" आप्पा डबा बाजूला सारून सरसावले. "आमच्याकडं वर रेघ असती रं! ती काय फुकट येती?"

जेवण राहिलं बाजूला. दोघांनी आपापल्या भाषेत 'नमस्कार' लिहिला, कारण तो दोन्हीकडं आहे. सुजातानं मॅक्रोला हाक मारली. आम्ही चौघं स्क्रीनवर वाकलो.

मराठी नमस्कार, एकवीस. कन्नड नमस्कार, एकवीस!

"परत चालव," आप्पा म्हणाले.

परत चालवला. एकवीस आणि एकवीस. मराठी असो की कन्नड, कॉम्प्युटर काना आणि पाय मोडायची खूणही वेगळी मोजून प्रत्येक चिन्हाला तीन-तीनच घरं देतो. बसवराजनं मुकाट्यानं आपल्या डब्यातली शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, आप्पांच्या झाकणात ठेवली, आप्पांनी त्याला खर्डा दिला. सीमाभागातला एक तरी प्रश्न कमिशन न नेमता सुटला, तो आमच्या ऑफिसात!

* * *

निपाणीच्या एका दवाखान्यात पेशंटांच्या नोंदी लिहिणाऱ्या एक सिस्टर आहेत, हुक्केरी सिस्टर. शेऱ्याच्या कॉलमात बाकी सगळे लिहितात 'ठीक आहे'. हुक्केरी सिस्टर सगळं लिहितात. मॅक्रो कुठल्याही टेबलावर चालवा, सगळ्यात लांब नोंद त्यांचीच निघणार. आम्ही तर ती वाचायला टपलेले असायचो.

एकदा एका पेशंटबाईंची गोळी चुकली होती. का चुकली, ते सिस्टरांनी लिहिलेलं. बाईंची लेक कणकुंबीला दिली आहे, तिचे दिवस भरले म्हणून बाई तिकडे गेल्या, घाईत गोळ्या घरी राहिल्या, तिथं पाऊस लागला, गाडी मिळेना, लेकीला कळा सुरू झाल्या, जावई शेजाऱ्याची जीप आणायला गेले, जीप आली, दवाखान्यात पोचले आणि...

आणि संपलं! कॉलम संपला होता. दोन टेबलं एकाखाली एक जोडताना वरच्या टेबलाची रुंदी खालच्याला लागू होते. थोरल्याचा शर्ट धाकट्याला घालावा आणि धाकटाच अंगानं दांडगा निघावा, तसं झालं. मॅक्रोनं माप घेतलं होतं ते फक्त वरच्या टेबलाचं. सिस्टरांचं टेबल खाली होतं.

चूक सुजाताची होती आणि साहेबांच्या लक्षात आली होती. "माहिती कापली जाणं आपल्या धंद्यात चालत नाही," एवढंच बोलले. कॅमेरा बंद होता. शेवटी म्हणाले, "पाहू."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगू का, माझाही जीव त्या कणकुंबीच्या लेकीत अडकला होता. तेवढ्यात आप्पांनी फोन उचलून निपाणीला लावलाच.

"सिस्टर, आप्पा बोलतोय बेळगावास्नं. ती गोळी चुकल्याली बाई... व्हय, व्हय, गोळीचं कळलं! लेकीला काय झालं ते सांगा!"

फोनमधून सिस्टरांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अहो, एवढं सगळं लिहून दिलंय की मी! मुलगी झाली म्हणून! दोघी बऱ्या हायत!"

बसवराजनं खुर्चीतून उडी मारली. संध्याकाळी त्यानं कुंडा आणला, आमची बेळगावची खव्याची मिठाई. आम्ही कोण, ती बाई कोण, आम्हाला तिचा नुसता नंबर माहीत. पण कुंडा खाल्ला! सुजातानंही खाल्ला आणि बोटं पुसून परत मॅक्रोला बसली. आता तो आधी सगळी टेबलं फिरून येतो, सगळ्यांची मापं घेतो, मगच जोडतो. आणि जोडून झाल्यावर जुनं-नवं ताडून बघतो, कुणाचं काही कापलं तर नाही ना. "त्या बाळाचं 'झाली' कापलं गेलं ना आक्का," ती म्हणाली, "ते लई लागलं मला."

* * *

प्रोबेशनचा शेवटचा दिवस आला. शुक्रवार होता. आदल्या दिवशी सगळी टेबलं मापात बसवून पुण्याला गेली होती. साहेबांकडून हो नाही की नाही नाही. आप्पा त्या दिवशी उशिरा आले, हातात कापडी पिशवी. बसवराज ती बाजूला ठेवायला गेला, तर त्याच्यावर खेकसले, "हात लावू नगंस!"

दुपारी साहेबांची मेल आली, सुजाताच्या नावानं. आम्ही तिघंही तिच्या पाठीशी गोळा झालो. मजकूर एवढाच : 'सोबत एक टेबल आहे. त्यावर तुझा मॅक्रो चालवून बघ.'

"शेवटच्या दिवशी बी परीक्षाच!" सुजाता म्हणाली. आम्हाला सवय अशी लागलीय की टेबल आलं की आत डोकावायचं नाही, आधी माप. तिनं मॅक्रोला हाक मारली.

टेबलात ओळ एकच होती. कॉलम तीन. नाव, शाखा, स्टेटस. प्रत्येकाची लांबी समोर आली. स्टेटसची लांबी नऊ.

सुजातानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. टेबल इंग्रजीत होतं. "पी, आर, ओ, बी, ए, टी, आय, ओ, एन." नऊ बोटं उभी राहिली. तिनं हात मांडीवर ठेवले.

"प्रोबेशन," ती म्हणाली. "तेच ऱ्हायलं, आक्का. वाढवलं असंल, न्हाय तर बंद केलं असंल."

माझ्या मनात आलं, हिच्या अण्णांना हे फोनवर सांगायचं कसं? तेवढ्यात मागून बारीक पुटपुट ऐकू आली. बसवराज भिंतीकडं तोंड करून मोजत होता. "पी, ई, आर, एम, ए, एन, ई, एन, टी..." तो वळला. डोळे हे एवढे!

"सुजाता अक्का, अदू ओंबत्तु री! परमनंट बी नऊच!"

लांबी शोधण्यात सहा महिने घालवलेली पोरगी, आणि लांबी काहीच सांगेना!

"अगं मग उघड की टेबल!" मी ओरडलेच.

"न्हाय," ती म्हणाली. "हात चालंना माझा."

आप्पा उठले. कोपऱ्यातली कापडी पिशवी आणली आणि आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्या कीबोर्डजवळ ठेवलं. कागद सुटला. स्टीलचा पेला! सुजातानं तो उचलला आणि सवयीनं फिरवला. या वेळी फिरवत राहावं लागलं. 'सुजाता' समोर होतं, 'भीमराव' पलीकडं वळलं, मागं 'कांबळे' आणि 'निपाणी' येईतो पेला पुरा फिरून परत 'सुजाता'ला येऊन भिडला.

"दुकानदार म्हणत हुता, नाव लई लांब हाय, नुसतं सुजाता घालतो," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं, एक बी अक्षर कापायचं न्हाय."

"आप्पा, तुम्हाला पुण्याहून कळलंय?"

"न्हाय."

"मग आधीच कसा आणला? आत दुसरं नऊ असलं तर?"

"तर पेला घरी घिऊन जा," आप्पा म्हणाले. "नाव तुझं हाय, कंपनीचं न्हाय."

सुजातानं पदर नाही म्हणून ओढणीनं डोळे पुसले, पेला डाव्या हातात घट्ट धरला आणि उजव्या हातानं टेबल उघडलं.

खालून काकूंचा आवाज आला. "अगं, वर काय झालं? एवढं कोण ओरडलं?"

आप्पा जिन्याच्या तोंडाशी गेले, दोन्ही हात कठड्यावर ठेवून खाली वाकले.

"काकू, चहा टाका! आणि त्यो पाहुण्याचा पेला खाली घ्या. वर आता कोण पाहुणं न्हाय!"